प्रति: डिझेलचा आवाज आणि वास
'बोटींत इलेक्ट्रिक मोटर आली की डिझेल इंजिनाच्या आवाजाचं नि वासाचं हे वेड संपेल', असं वर कोणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. अहो, बोटवाल्याचं अर्धं लक्ष कानातच असतं! डिझेलला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं, म्हणून थंड इंजिनाची ती खणखणीत टकटक. गरम झालं की कशी मऊ होते! बहुतेक बोटींत धुराबरोबर इंजिन थंड ठेवणारं पाणीही मागून भसाभस बाहेर पडतं. तो आवाज कोरडा झाला की पाणी अडलंय, इंजिन ताबडतोब बंद. वासही तितकाच लाडका. फक्त बोटीच्या तळातून डिझेलचा उग्र दर्प आला, तर मी इंजिन बंद करून इंधनाच्या फिल्टरचे सांधे गळताहेत का, ते आधी कोरड्या फडक्याने पुसून बघतो.