धड्याचा व्हिडिओ मुलं दुसऱ्या मिनिटाला सोडून देतात. नेमकं कुठे चुकतंय?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत 22 वर्षं शिकवते. यंदा माझ्याकडे पाचवी आहे. वर्गात नऊ मुलं. दोघांना कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र) झालंय, बाकीच्यांना श्रवणयंत्रं. आम्ही अर्धगोलात बसतो, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात.

दिवाळीनंतर मी परिसर अभ्यासाचे व्हिडिओ करायला घेतले. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 हून जास्त शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश मी रोज उघडते. 2020 मध्ये त्यांचा केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीशी करार झाला आणि पुस्तकांचे व्हिडिओ व्हायला लागले, तेही पाहते. पण आमचं पुस्तक बालभारतीचं. धडे वेगळे, चित्रं वेगळी. म्हणून म्हटलं, आपणच करू.

पहिला केला जलचक्राचा. पुस्तकातली आकृती पडदाभर, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात चौकटीत मी खुणा करतेय, तळाशी मराठी ओळी. सहा मिनिटं चाळीस सेकंद. भाच्याने रात्री जागून जोडून दिला. वर्गातल्या टीव्हीवर लावला आणि मी मुलांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. पहिलं मिनिट सगळे बघत होते. दुसऱ्या मिनिटाला एकाची मान खिडकीकडे वळली, दोघी आपसात बोलायला लागल्या. संपल्यावर मी विचारलं, ढग कसा होतो? एक मुलगी उठली आणि तिने पुस्तकातली आकृती जशीच्या तशी हवेत काढून दाखवली. समुद्र, डोंगर, ढग, मधले बाणसुद्धा. मी विचारलं, हा बाण म्हणजे काय? तिने परत बाण काढला. जास्त सावकाश, मला समजावं म्हणून.

तेव्हापासून मला चैन नाही. पोर हुशार आहे, बघितलेलं सगळं तिच्या लक्षात राहिलं होतं. मी तिला चित्र दिलं, गोष्ट दिलीच नाही.

माझं प्रशिक्षण झालं तेव्हा मुलांना ओठांकडे बघायला लावायचं, हात हलू द्यायचे नाहीत, असंच शिकवलं होतं. खुणा मी नंतर मुलांकडूनच शिकले, वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून. त्यामुळे माझ्या खुणांतही खोट असेल. तसं असेल तर स्पष्ट सांगा. लांबी कमी करू? ओळी काढून टाकू? स्वतः कर्णबधिर असलेलं कुणी इथे असेल तर मला त्यांचं मत आधी हवंय.

हातबोली

बाई, नमस्कार. मी जन्मापासून बहिरा आहे. वय 36. पुण्यात छापखान्यात काम करतो. माझी पहिली भाषा साइन, म्हणजे खुणांची भाषा. मराठी दुसरी. लिहिताना चूक झाली तर समजून घ्या.

मुलांची चूक नाही. डोळे दोन असतात, नजर एक असते. ऐकणारं मूल आकृती बघतं आणि त्याच वेळी बाईंचं बोलणं कानात येतं. आमचं तसं होत नाही. आकृती बघितली की बाईंचे हात सुटतात. हात बघितले की आकृती सुटते. खालची ओळ वाचायला गेलं की दोन्ही सुटतात. तुमच्या व्हिडिओत तिन्ही एकदम आहेत. त्या मुलीने तिन्हीपैकी आकृती निवडली आणि ती पूर्ण लक्षात ठेवली. तिने फार मेहनत केली.

आधी आकृती एकटी दाखवा. मुलांना बघू द्या. घाई नको. मग आकृती काढून टाका आणि तुम्ही पडदाभर या. कोपऱ्यातल्या चौकटीत तुमच्या भुवया दिसत नाहीत. भुवया म्हणजे आमचं व्याकरण आहे. 'पाऊस पडला' आणि 'पाऊस पडला?' यात हात तेच राहतात, भुवया वर जातात, तेवढाच फरक. ती चौकट ऐकणाऱ्या लोकांनी टीव्हीसाठी काढली. तिथे बातमी देणारा मोठा आणि आमची भाषा लहान. तुमच्या वर्गात सगळी मुलं आमची आहेत. मग तुम्ही कोपऱ्यात का?

दुसरं. तुम्ही मराठी वाक्याच्या क्रमाने एकेक शब्दाची खूण करता का? बहुतेक बाई करतात. साइनमध्ये 'कसा', 'का', 'कुठे' शेवटी येतात. ढग होतो, कसा? आणि जागा ठरवा. समुद्र इथे, पोटाजवळ. ढग इथे, डोक्याच्या वर. मग शेवटपर्यंत ती जागा बदलू नका. पाणी वर जातं ते हातच वर जाऊन सांगतात, बोटं थरथरत, पातळ होत. मग बाण लागत नाही.

आता माझ्या मनातलं सांगतो. 1880 मध्ये इटलीत मिलान शहरात शिक्षकांची परिषद झाली. बहिऱ्या मुलांना फक्त बोलायला शिकवायचं, खुणा नाहीत, असं ठरलं. मत द्यायला जवळजवळ सगळे ऐकणारे होते. ते वारं जगभर गेलं. माझ्या शाळेतसुद्धा आलं. मी सात वर्षांचा असताना हात मांडीखाली दाबून बसायचो, तास संपेपर्यंत. अमेरिकेतल्या बहिऱ्या लोकांना त्या परिषदेनंतर भीती वाटली, की आपली भाषा मरेल. आमच्या भाषेला रोजच्या वापराची लिपी नाही, ती कागदावर उतरत नाही. म्हणून त्यांच्या संघटनेने वर्गणी काढली आणि चांगल्या साइन करणाऱ्या लोकांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. जॉर्ज व्हेडित्झ नावाच्या बहिऱ्या गृहस्थांचं 1913 सालचं भाषण आजही बघता येतं. मी बघितलं. आवाज नाही, रंग नाही, पण माणूस आपल्या भाषेत बोलतोय. मी त्या रात्री झोपलो नाही.

तुमच्या मुलांकडे मराठीची वही आहे. त्यांच्या भाषेची वही म्हणजे व्हिडिओ. ती वही आत्ता फक्त बाईंकडे आहे. मुलांच्या हातात द्या.

फोटो_व्हिडिओ_शूटिंग

ताई, मी लग्नाची शूटिंग करतो, गाव पंढरपूरजवळ. धाकटी बहीण कर्णबधिर आहे, म्हणून हा धागा उघडला. वरच्या दादांनी जे सांगितलं त्यात मी बोलणार नाही. फक्त कॅमेऱ्याचं सांगतो, कारण तिच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना हे सगळं मला नडलंय.

फोन आडवा धरा. डोक्याच्या वर वीतभर जागा, खाली कमरेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कोपर पसरतील एवढी मोकळीक. हात चौकटीबाहेर गेला की शब्द गेला. उजेड समोरून पाहिजे. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलात तर चेहरा काळा पडतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजेड भरपूर पाहिजे. कमी उजेडात फोन आपोआप शटर सावकाश करतो आणि हलणारी बोटं पुसट होतात. आपल्याला वाटतं कॅमेरा खराब, खरी गोष्ट उजेडाची असते. ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे म्हणून.

मागे साधी भिंत. साडी किंवा ओढणी एका रंगाची, तुमच्या हातांच्या रंगापासून वेगळी उठून दिसेल अशी. बुट्टे, जरीचे काठ, काचेच्या बांगड्या शूटिंगपुरत्या बाजूला ठेवा. पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून लहान होतो आणि बोटं एकमेकांत मिसळतात.

वाचा_श्रवण

मी वाचा उपचार करते. तुमच्या इम्प्लांटवाल्या दोन मुलांसाठी आवाज काढू नका, एवढी विनंती. ऐकण्याचा सराव सुटला तर इम्प्लांटचा उपयोग कमी होत जातो. खुणांना माझा विरोध नाही, पण या दोघांना तुमचा स्वच्छ आवाज मिळाला पाहिजे.

हातबोली

आवाज ठेवा, मला अडचण नाही. फक्त बोलता बोलता साइन करू नका. दोन भाषांचा क्रम वेगळा आहे, तोंड मराठीत गेलं की हात मोडतात. साइन आधी करा, आवाज नंतर वेगळा भरा.

रविवारची_वाट

मी अशाच एका मुलाची आई. लातूरकडचं खेडं. पोरगं निवासी शाळेत आहे, सुट्टीत घरी येतं. घरात सगळे ऐकणारे. तो आला की पहिले दोन दिवस आनंद असतो, मग त्याचं सांगणं आम्हाला कळत नाही आणि तो गप्प होतो. भांडत नाही, रडत नाही, नुसता गप्प. ते बघवत नाही.

मागच्या वर्षी त्याच्या बाई छोटे व्हिडिओ पाठवायला लागल्या. एक मिनिटाचे. भूक, पोट दुखतंय, भीती वाटते, कोण आलं होतं, असे. सासूबाई 70 च्या पुढच्या आहेत, त्यांना वाचता येत नाही. त्या चुलीपुढे बसून फोन भिंतीला टेकवून एकच व्हिडिओ दहा दहा वेळा बघायच्या. पिठाच्या हातांनी खुणा करायच्या. संक्रांतीला पोरगं आलं, तर आजीने विचारलं, 'तिथे रात्री भीती वाटते का?' त्याने हात धुवायचे सोडले आणि आजीसमोर मांडी घालून बसला. अर्धा तास सांगत होता. आजीला निम्मं कळलं असेल. पण बसला.

तळाच्या मराठी ओळी काढून टाकू नका, बाई. त्या मुलांना नको असतील, मला हव्या आहेत. ओळींसकट वेगळा करून आम्हाला पाठवा. आणि नुसते धडे नको, घरातलं बोलणंही पाठवा.

खडू_फळा

तीन आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, शाळेचं स्नेहसंमेलन होतं.

हातबोली दादा, तुमचं उत्तर मी छापून स्टाफरूममध्ये लावलं. मांडीखाली हात दाबून बसण्याचं वाचून मला खूप लागलं, कारण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका मुलाचे हात बाकावर दाबून धरले होते. तो मुलगा आता मोठा झालाय, मिरजेत शिवणकाम करतो. मागच्या रविवारी त्याच्याकडे गेले आणि त्याला हे सांगितलं. त्याला ते आठवत होतं. मग मी त्याला विचारलं, माझ्या वर्गाच्या व्हिडिओत तू येशील का? तो आला.

जलचक्र आम्ही परत केलं. आता चार तुकडे आहेत, प्रत्येक दीड मिनिटाच्या आतला. आकृती आधी एकटी, मग तो पडदाभर. माझा आवाज नंतर भरला. त्याने समुद्राऐवजी वसतिगृहाच्या दोरीवरचे ओले कपडे घेतले. पाणी टपकताना दाखवलं, मग ऊन, मग कपडा हातात घेऊन तपासला, कोरडा. नंतर भुवया आवळून: पाणी गेलं, कुठे? आणि तिथेच थांबला. व्हिडिओ संपला. नऊच्या नऊ जणांचे हात एकदम वर आले. मी 22 वर्षांत असा वर्ग पाहिला नव्हता.

'संघनन', म्हणजे वाफेचं परत पाणी होणं, याला मुलांनी त्यांची खूण वर्गातच ठरवली. स्टीलच्या पेल्यात थंड पाणी भरून ठेवलं होतं. बाहेरून थेंब आले, तशी एका हाताची मूठ पेला झाली आणि दुसऱ्या हाताची बोटं त्यावर थेंबासारखी एकेक टेकली. ती बरोबर आहे का, दुसरीकडे काय खूण करतात, ते हातबोली दादांनी सांगावं. व्हिडिओ तुम्हाला निरोपातून पाठवते.

आता दर शुक्रवारी शेवटचा तास फोन मुलांच्या हातात असतो. धडा ज्याला जसा कळला तसा तो बोलतो, दुसरा शूट करतो. पुढच्या शुक्रवारी जुना व्हिडिओ बघून स्वतःच चुका काढतात, पुसतात, परत करतात. बाण काढणाऱ्या मुलीने पाच वेळा केला. पाचव्यात तिने तोच बाण सुरुवातीला हवेत काढला, मग मान हलवून हाताने पुसून टाकला आणि त्या जागी वाफ वर नेली, बोटं थरथरत, पातळ होत.

रविवारची_वाट ताई, ओळींसकट वेगळी प्रत करायला घेतली आहे. घरातल्या बोलण्याचे व्हिडिओ मुलांनीच करायचं ठरवलंय, आपापल्या आजीसाठी. पहिली यादी त्यांनी दिली: 'मला ही भाजी नको', 'मोठ्याने ओरडू नको, मला ऐकू येत नाही, खांद्याला हात लाव', 'तुम्ही सगळे का हसलात, मला पण सांगा'. तिसऱ्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते आधी शूट करतोय.