मदत हवी आहे: घटनेत न लिहिलेलं स्वातंत्र्य मूलभूत हक्क कधी ठरतं?

घटनाअभ्यासकांना एक नेमका प्रश्न. राज्यघटनेत शब्दशः नसलेल्या स्वातंत्र्याला मनेका गांधी खटल्यातली (१९७८) कसोटी लावतात: ते नाव घेऊन दिलेल्या हक्काचा अविभाज्य भाग आहे का, किंवा त्याच्याच मूळ स्वरूपाचं आहे का. तो हक्क वापरायला नुसतं उपयोगी पडतं, एवढं पुरत नाही. इथवर ठीक.

अडतं ते मागितलेल्या स्वातंत्र्याचं वर्णन किती व्यापक करायचं, हे ठरवताना. जोडीदार निवडणं कलम २१ मध्ये, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात येतं (शफीन जहाँ, २०१८). विवाहाचा बिनशर्त मूलभूत हक्क मात्र नाही (समलिंगी विवाहाचा सुप्रियो खटला, २०२३). वर्णन ऐसपैस केलं तर काहीही आत शिरतं, आवळलं तर काहीच बसत नाही. अर्धा निकाल तिथेच लागतो! अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने ग्लक्सबर्ग खटल्यात (१९९७) हक्क मानण्यासाठी काटेकोर वर्णन आणि इतिहास-परंपरेचा आधार, दोन्ही मागितले. पण परंपरेनेच ज्यांना बाहेर ठेवलं त्यांना ही कसोटी काय देणार?

पुट्टस्वामी या खासगीपणाच्या खटल्यातली (२०१७) प्रमाणबद्धतेची चाचणी (निर्बंध उद्देशाच्या मानाने जास्त तर नाही ना, हे पाहणारी) कृपया सुचवू नका. ती हक्क मान्य झाल्यावर निर्बंध तपासायला आहे. वर्णन किती व्यापक ठेवायचं, यावर कोणत्या भारतीय निकालात थेट चर्चा आहे? परिच्छेद क्रमांक दिलात तर फार बरं होईल.