मागचं चाक सारखं पंक्चर होतंय, काय करू?

काटेवाट
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोज सायकलने कामाला जातो. गियरची सायकल, टायर २६ बाय १.९५. पहिलं वर्ष सुखात गेलं. दिवाळीपासून मात्र सहा पंक्चर झाली, त्यातली पाच मागच्या चाकाची. पंक्चरवाला दर वेळी ठिगळ लावतो आणि "काटा होता साहेब" म्हणतो. काटा काही दाखवत नाही. अलीकडे ट्यूबच नवी टाकली, चौथ्या दिवशी चाक परत बसलं. कोणी म्हणतं ट्यूबमध्ये भोक बुजवणारं जेल भरा, कोणी म्हणतं भारीतला टायर घ्या. बजेट हजाराच्या आत. काय करावं?

गोटीसोडा
दिवाळीपासून म्हणजे सराटेच, दुसरं काय! पावसाळ्यात हे रोप जमिनीला चिकटून पसरतं, पिवळी फुलं येतात, आणि पाऊस सरला की वाळून काटेरी फळं रस्त्याच्या कडेला विखुरतात. कशीही पडली तरी एक काटा वर असतोच. ट्रकला घाबरून डांबर सोडून मातीत उतरत असाल तर ते आधी बंद करा.

पेडलपंत
सराटे असतील, पण पाच वेळा मागचंच चाक आणि नव्या ट्यूबलाही चार दिवसांत भोक, म्हणजे चोर घरातच असावा. काहीही विकत घेण्याआधी भोक कुठे आहे ते बघा.

टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरच्या बाजूला खडूने खूण करा. ट्यूब काढून हवा भरा, परातीत पाण्यात बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते बघा. व्हॉल्व्हपासून भोक किती वितींवर आहे ते मोजा आणि खुणेपासून तेवढ्याच अंतरावर टायर आतून तपासा. ट्यूब काढताना उलटली असेल तर गफलत होते, म्हणून दोन्ही दिशांना मोजा. बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे माल आहे.

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमकडच्या बाजूला असेल, तर काट्याला दोष देऊ नका. रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि स्पोकचं टोक टोचत असतं. आणि शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर तो स्नेकबाइट. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटलं की रिम आणि रस्त्याच्या मध्ये ट्यूब चिमटली जाते.

हवा किती ठेवता?

काटेवाट
अंगठ्याने दाबून बघतो. कडक लागली की झालं.

पेडलपंत
अहो, अंगठ्याला तीस आणि पन्नास सारखंच लागतं! टायरच्या बाजूला हवेच्या दाबाचा, म्हणजे पीएसआयचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. मागच्या चाकावर वजन जास्त, तिथे पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा. काहीही टोचलं नाही तरी ट्यूबमधून हवा हळूहळू जातेच, म्हणून आठवड्यातून एकदा दाब मोजायचा गेज लावायचा.

डाइकवरची_मावशी
मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टला असते. इथे काट्यांचा त्रास नाही, पण शनिवारच्या रात्रीनंतर सायकलमार्गावर बाटल्यांच्या काचा. मी श्वाल्बे मॅरेथॉन प्लस टायर वापरते, आत ५ मिलिमीटरचा रबरी थर आहे. पंक्चर विसरले. पण टायर जड आहे, चढवताना अंगठे सोलून निघतात आणि हजारात तर मुळीच बसणार नाही. तुम्ही आधी पंतांचं ऐका.

काटेवाट
रविवारी सगळं सोडवून बसलो. बायको म्हणाली परात परत मिळणार नाही वाटतं. नव्या ट्यूबचं भोक व्हॉल्व्हपासून दीड वितीवर, बाहेरच्या अंगाला. जुन्या ट्यूबवरची दोन ठिगळंही तिथेच, एकावर एक! कापूस फिरवला तर अडकला. डोळ्याला काही दिसेना. टायर उलटा वाकवल्यावर केसाएवढ्या तारेचं टोक वर आलं. नेलकटरने ओढली, जेमतेम चार मिलिमीटर असेल. जुन्या ट्यूबवर दोन समांतर चिरांचं ठिगळही सापडलं, म्हणजे तेही खरं. आणि पुढच्या चाकाला गेज लावला तर २८ निघाले, टायरवर ४० ते ६५ लिहिलंय.

गोटीसोडा
ट्रकच्या फुटलेल्या टायरची तार ती. हायवेच्या कडेला खच असतो. पण सराट्यांचं मी मागे घेत नाही.

काटेवाट
घ्यायचंही नाही, टायरमध्ये दोन मोडलेले काटेही निघाले! आता जेल भरू का?

पेडलपंत
सराट्याच्या बारीक भोकांना जेल चालतं, भरायला हरकत नाही. चिरांना उपयोग नाही. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची पट्टीही मिळते, पण तिची टोकं घासून ट्यूब कापली जाते, तेव्हा टोकं गोल करून घाला. मी असतो तर पहिले पैसे गेज असलेल्या पंपावर घातले असते.

काटेवाट
पंप घेतला. आता सोसायटीतली सगळी पोरं हवा भरायला माझ्या दारात.