वन्यजीवांच्या पॉडकास्टमध्ये आमच्या आगरातली केलडी का नसतात?

आगरवाली (गुहागर तालुका)

आमसुलांच्या दिवसांत दोन्ही हात रातांब्यांत असतात. गेल्या वर्षी भाचीने मोबाईलवर वन्यजीवांवरचे पॉडकास्ट लावून दिले आणि मला त्यांची गोडीच लागली. रातांबे फोडता फोडता गिधाडांबद्दल ऐकलं. गुरांना डायक्लोफेनॅक हे दुखणं थांबवणारं औषध दिलेलं असायचं, ती मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर आभाळ रिकामं झालं होतं. आमच्या लहानपणी ढोर मेलं की सड्यावर नेऊन टाकायचे आणि दुपारपर्यंत गिधाडं उतरलेली असायची. ती कुठे गेली हे मला पन्नाशीत कळलं. त्यामुळे या लोकांचे उपकार मी मानते, हे आधीच सांगते.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. एका भागात दोघं जण तासभर 'सहजीवन' या विषयावर बोलत होते. चांगलं बोलत होते. तेवढ्यात पडवीवरची कौलं खडखडली. वानरं उड्या मारत पलीकडे गेली आणि त्यांच्या मागून केलडी, म्हणजे लाल तोंडाची माकडं, आमच्या माडा-पोफळीच्या आगरात शिरली. एक नर माडावर चढला, शहाळं पिरगळून तोडलं, दातांनी सोललं, दोन घोट प्यायला आणि टाकून दिलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर पडलं. मग दुसरं, मग तिसरं. मी हुसकावून परत आले तेव्हा सात शहाळी खाली होती आणि फोनमधले ते दोघं अजून सहजीवनावरच बोलत होते.

त्या दिवशी मोजलं. वर्षभरात मी ऐकलेल्या भागांत शास्त्रज्ञ होते, फोटो काढणारे होते, निवृत्त वनाधिकारी होते. आगर, आंब्याची कलमं किंवा भात राखणारं एकही माणूस नव्हतं. आमच्याबद्दल बोलतात, 'स्थानिक' म्हणून. आमच्याशी नाही.

माझं मत असं, की वन्यजीवांवर पॉडकास्ट करणाऱ्याने आधी प्राण्यांच्या शेजारी राहणाऱ्याला बोलू द्यावं. रागासकट, आमच्या बोलीत, मध्ये न कापता. तुम्हाला काय वाटतं?

खाडीकाठ (चिपळूण)

ताई, तुमची शहाळी गेली त्याचं वाईट वाटलं. पण मी उलट मताचा आहे.

माणसाला बोलायला जागा कमी आहे का? ग्रामसभा आहे, आमदार आहे, वर्तमानपत्र आहे, मोर्चा आहे. खवले मांजराला काय आहे? ते तर ओरडतसुद्धा नाही. कोणी हात लावला की अंगाचा चेंडू करतं, बस्स. वाघ-बिबट्यापासून त्या चेंडूने वाचतं आणि माणसाच्या पोत्यात अलगद जातं. अशा प्राण्याच्या वतीने कोणीतरी तासभर बोलतोय, तर तो तास त्याचाच राहू दे.

दुसरी भीती जास्त मोठी आहे. रागासकट, न कापता ऐकवायचं म्हणजे 'सगळी मारून टाका' हेही ऐकवायचं. ऐकणाऱ्याला केलडी, वानर, डुक्कर, बिबट्या यांत फरक उरत नाही. 'जनावरं माजली आहेत' एवढंच डोक्यात राहतं.

आणि ऐकून माणूस बदलतो, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसलंय. वेळासला २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी कासवांचं काम सुरू केलं. त्याआधी घरटं दिसलं की अंडी उकरून नेत. आज त्याच गावातली माणसं पहाटे पुळणीवर मादीची पावलं शोधतात, शंभरेक अंडी अलगद उचलून कुंपणात पुरतात, पन्नासेक दिवस राखतात. एकदा सकाळी घरट्यावरची टोपली उचलताना मी शेजारी उभा होतो. खाली वाळू हलत होती. वाटीएवढ्या खळग्यातून एकेक काळं डोकं वर येत होतं. शेजारचे आजोबा त्यांना मोजत होते, नातवंडं मोजावीत तसे. हे काय धाकाने झालं? तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं जाऊन बोलत राहिलं म्हणून झालं. पॉडकास्ट तेच काम मोबाईलवरून करतोय.

कलमवाला (राजापूर)

वेळासचं उदाहरण द्यायचं सोडा आता. वेळासबद्दल आदर आहे मला, पण कासव कोणाच्या कलमावर चढत नाही. ते वर्षातून काही रात्री येतं, अंडी घालून जातं, आणि ते बघायला पाहुणे येतात, घराघरांत जेवायला, राहायला. गावाला चार पैसे मिळतात. माझ्याकडे केलडी बघायला कोण येणार?

आमच्याकडे काय झालं ते लिहितो. वडील नाचणी करायचे, वरी करायचे. आता दोन्ही बंद. डुकरांनी भाताचा मळा एका रात्रीत नांगरल्यासारखा केला, तोही पडीक टाकला. राहिली कलमं. मोहोर आल्यापासून राखण. त्यासाठी नेपाळी माणूस ठेवायचा, त्याचा पगार, धान्य, राहायची सोय. वरून फवारणी. नुकसान झालं की पंचनामा करायला माणूस येईस्तोवर पडलेली फळं कुजतात आणि मग विचारतात, पुरावा काय.

खाडीकाठ, तुम्ही रागाला घाबरता. राग ऐकला नाही तर तो कुठे जातो हे मी बघितलंय. चार वर्षांपूर्वी आमच्या वरच्या अंगाला एकाने डुकरासाठी तारेची फासकी लावली होती. अडकला बिबट्या. कमरेत तार. मी पोचलो तेव्हा जिवंत होता. पुढच्या पंजांनी माती इतकी उकरली होती की खड्डा झाला होता. ओरडत नव्हता, धापा टाकत होता. वन विभागाची गाडी येईपर्यंत गेला. फासकी लावणं गुन्हा आहे, त्याची बाजू मी घेत नाही. पण त्या माणसाची दोन वर्षांची भुईमुगाची लावणी डुकरांनी साफ केली होती. त्याने चार वेळा अर्ज केला होता. तेव्हा त्याच्यासमोर कोणी माईक धरला असता, निदान कोणी शेजारी बसून ऐकलं असतं, तर तार लावली असती की नाही, मला माहीत नाही. पण बिबट्या मेल्यावर मात्र सगळे कॅमेरे आले.

म्हणून सांगतो, पॉडकास्टने काही होत नाही. कुंपणाला पैसे द्या, भरपाई वेळेत द्या. बोलणं पुरे झालं.

तिळारीकार (दोडामार्ग)

आमच्याकडे २००२ सालापासून हत्ती आसत. कर्नाटकातसून इले, ते रवले. माड, केळी, माडये म्हंजे पोफळी, कायच सोडणत नाय. रात्री माड मोडल्याचो आवाज तुमी कधी आयकलास काय? आधी कडकड, मगे धप्प. माझ्या धाकट्या झिलाक अजून झोपेत त्येची धडकी भरता. तो आवाज घालूक व्हयो पॉडकास्टात. शहरातल्या माणसाक हत्ती म्हटलो की गणपती दिसता. आमकाय दिसता. आमीय हात जोडतव, पण दाराआडसून.

बंदरावरून (हर्णै)

कलमवाला दादा, 'बोलून काही होत नाही' हे मला पटत नाही, आणि 'नुसतं ऐकून माणूस बदलतो' हेही नाही. आमचं सांगतो.

जाळ्यात कासव येतं. आमची आजी सांगायची, कासव म्हणजे विष्णूचा अवतार, हळदकुंकू लावून सोडायचं. सोडायचेही. पण जाळं गुंतलेलं असलं तर ते कापायचं कोणी? जाळं हजारोंचं. देव मानूनही हात कापायला धजत नसे. २०१८ च्या शेवटी सरकारने योजना आणली: संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचा. तेव्हापासून सुरी लवकर निघते. म्हणजे पैशाची गोष्ट खरी.

पण योजना आहे हे कळणार कसं? आमच्या बोटीवरच्या खलाशाला कळलं ते एका रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमातून. समुद्रात रेंज नसते, बंदरातच उतरवून घेतलेलं ऐकतो आम्ही. २०१९ साली अमेरिकेने आपली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, कारण ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत न्यायच्या, जाळ्याला कासव बाहेर पडायची सोय नव्हती, हेही तिथेच ऐकलं. आधी आम्हाला वाटायचं, दर व्यापारी पाडतो. कासवाचा आणि आमच्या कोळंबीच्या दराचा संबंध आहे हे कोणी बंदरावर येऊन सांगितलं नव्हतं.

तेव्हा आगरवाली ताईंना माझा पाठिंबा, पण एक भर घालतो. आमचं गाऱ्हाणं तर घ्याच, त्याबरोबर आमच्या कामाची माहितीही द्या. गाऱ्हाणं सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे.

गरुडाचं झाड (संगमेश्वर)

सगळे कोण बोलणार यावर भांडताय. काय बोलायचं नाही, यावरही बोला.

आमच्या देवराईत गरुडाची ढोली आहे. गरुड म्हणजे पुस्तकातला धनेश. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून भरवतो. नर बुजला, यायचा थांबला, तर आतली सगळी उपाशी. दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने एका कार्यक्रमात गावाचं नाव, देवळाचं नाव, झाड कुठल्या बाजूला, सगळं प्रेमाने सांगितलं. पुढच्या रविवारी झाडाखाली अकरा माणसं होती. एकाने फोनवर धनेशाचा आवाज लावला, नराला बोलवायला. नर समोरच्या सातवणावर फळ चोचीत धरून बसून राहिला. आम्ही माणसं हटवली, तेव्हा उन्हं कलली होती.

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं.

खाडीकाठ

गरुडाचं झाड, हे शंभर टक्के मान्य. जागा सांगायची नाही, हा पहिला नियम.

कलमवाला काका, बिबट्याचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. माणसाला बोलायला जागा कमी नाही असं मी लिहिलं होतं. चार अर्ज करूनही ज्याच्याकडे कोणी फिरकलं नाही, त्याला ते लागू होत नाही. तेवढं वाक्य मागे घेतो. मारण्याची भाषा न कापता जाऊ द्यावी, हे मात्र अजून पटत नाही. तो बिबट्या मोकळा सुटलेल्या रागानेच मेला ना?

आगरवाली

खाडीकाठ भाऊ, मी मारा म्हणणाऱ्यांतली नाही. शहाळी गेली त्या दिवशी मी दगड उचलला होता. माडावरच्या एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं दिसलं आणि दगड हातातच राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच बाईच्या हातून झाल्या. मला त्या दोन्ही पॉडकास्टमध्ये हव्यात. दगड कापला तर पिल्लूही खोटं वाटेल.

म्हणून ठरवलंय, कोणाची वाट बघायची नाही. भाचीकडे छोटा माईक आहे. पहिला भाग कलमवाला दादांकडे येऊन करायचा, त्यांची तयारी असेल तर. बंदरावरून दादांनी म्हटलं तसं, शेवटी भरपाईचा अर्ज कसा करायचा, कागद कुठले लागतात, ते जाणकाराकडून सांगून घेऊ. गावाचं नाव सांगणार नाही.

कलमवाला

पॉडकास्टने काही होत नाही हे माझं मत आहे, ते बदललेलं नाही. ते मी माईकवरही सांगणार, आणि ते कापायचं नाही.

रविवारी या. फासकी लावणाऱ्यालाही विचारतो. तो बोलेलसं वाटत नाही, पण बसायला येईल. सहाच्या आत पोचा. सातला केलडी येतात, मग बोलायला सवड नसते.