विंच आणि जास्तीच्या स्विचांचं वायरिंग: ठाणे-नवी मुंबईत कसं आणि कुठून करून घ्यावं?

घोडबंदरची_थार
मंडळी, पावसाळ्याआधी थारला ९५०० पौंडांचं विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं मोटरचं यंत्र) बसवायचं आहे. सोबत पुढे ६० वॉटचे दोन एलईडी दिवे, मागे एक छोटा कामाचा दिवा, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि डिकीत १२ व्होल्टचा छोटा फ्रिज. ठाण्यातल्या एका ॲक्सेसरीवाल्याने सहा बटणांचं पॅनल दाखवलं. म्हणाला, विंचसकट सगळं यावरच चालवतो, संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा. पॅनल सुंदर आहे, पण मनाला पटत नाही. मुरबाड-माळशेज बाजूच्या चिखलात गाडी जाणार आणि सोबत घरची माणसं असणार. वायर किती जाडीची, फ्यूज कुठे, काम कोणाकडून करून घ्यावं? अनुभवी लोकांनी सांगावं.

नेरूळची_इलेक्ट्रिकल
दादा, पटत नाही ते बरोबरच आहे. विंचचा प्रवाह आणि बाकी उपकरणांचा प्रवाह यांची गल्लत करू नका, या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत.

९५०० पौंडांचं विंच पूर्ण ताणाखाली ४०० अँपिअरच्या आसपास ओढतं. तुमचे पुढचे दोन्ही दिवे मिळून १२० वॉट, म्हणजे १० अँपिअर. हे दोन्ही एका पॅनलमधून जाऊच शकत नाहीत. विंचच्या जाड तारा बॅटरीपासून थेट त्याच्या सोलेनॉईडपर्यंत, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचपर्यंत जातात. केबिनमध्ये हवंच असेल तर सोलेनॉईडला हुकूम देणारं बटण आणा, त्याच्या तारेतून नाममात्र प्रवाह जातो.

जाडीचा हिशोब सांगते. बॅटरीपासून विंचपर्यंत दोन मीटर धरा, जाऊन-येऊन चार. ५० स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेत ४०० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून थोडी जास्त घट होते. २५ च्या तारेत एक व्होल्टच्या वर, आणि १६ च्या तारेत पावणेदोन व्होल्ट. तेवढा व्होल्टेज मोटरला कमी मिळतो आणि तीच ऊर्जा तारेत उष्णता होऊन बसते. किटमधली तार लांबीला पुरत नसेल तर जोड देऊ नका, पूर्ण लांबीची नवी घ्या. अर्थिंगही बंपरला किंवा चासीला नको. विंचची निगेटिव्ह थेट बॅटरीवर आणा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बऱ्याच विंचच्या मुख्य तारेवर फ्यूज नसतो. म्हणजे गाडीच्या अगदी पुढच्या टोकाला, जिथे धडक आधी बसते, तिथे बॅटरीची पूर्ण ताकद उघडी पोचलेली असते. तार पत्र्यात चिरडली तर आग लागायला क्षण पुरे. म्हणून बॅटरीजवळ कटऑफ स्विच लावाच आणि रस्त्यावर चालवताना तो बंदच ठेवा. रिमोटचं बटण अडकून विंच थांबेना, तर हातात तोच एक उपाय असतो. लाल चावीचे स्वस्त कटऑफ बघून घ्या, कित्येक फक्त १०० अँपिअरचे असतात.

पनवेल_सह्याद्री
ताईंचं सगळं मान्य. वजनाचं मी सांगतो: माणसं-सामानासकट गाडी सव्वादोन टन धरली, तर दीडपट म्हणजे सुमारे ३४०० किलो ओढ हवी. ९५०० पौंड म्हणजे ४३०० किलो, तेव्हा निवड योग्य आहे. पण ही ओढ ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, दोर जितका गुंडाळलेला राहील तितकी ती कमी होते.

आणि विंचसाठी लोखंडी बंपर घेणार असाल तर जपून. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड-बुलबारवर कारवाई करायला राज्यांना कळवलं आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे. मला विचाराल तर काढता-घालता येणारं क्रेडल, म्हणजे विंच बसवायची चौकट घ्या आणि तारेला ३५० अँपिअरचा अँडरसन प्लग (जाड तारांचा काढता-जोडता येणारा जोड) लावा. एरवी विंच घरी राहील, पुढचं वजनही वाचेल.

घोडबंदरची_थार
दोघांचे मनापासून आभार. क्रेडलचं डोक्यातच आलं नव्हतं. ताई, आता दिवे, कॉम्प्रेसर, फ्रिज यांचं कसं करू? गाडी वॉरंटीत आहे, हार्नेस (कंपनीच्या तारांचा जुडगा) कापायचा नाही.

नेरूळची_इलेक्ट्रिकल
कापायची गरजच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १० स्क्वेअरची एकच तार घ्या. तिच्यावर ६० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज तारेला वाचवतो, म्हणून त्याच्या अलीकडची तार जितकी लांब तितका धोका. ही तार बॉनेटखालच्या वेगळ्या फ्यूज बॉक्समध्ये आणा. तिथून प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूज.

पुढच्या दिव्यांना रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच. त्याच्या टोकांवर नंबर असतात. ३० नंबरला फ्यूजमधून वीज, ८७ वरून दिव्याला, ८५ अर्थिंगला आणि ८६ ला केबिनच्या बटणातून येणारी तार. बटणाला वीज द्या इग्निशनसोबत चालू होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा तार काढायचा जोड) लावून. म्हणजे किल्ली काढली की दिवे आपोआप बंद. नव्या गाड्यांत हेडलाईटच्या तारेतून सिग्नल चोरू नका, गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखतो आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो.

कॉम्प्रेसर ३० अँपिअरपर्यंत जातो, त्याला या बॉक्सवर आणू नका. बॅटरीवरून स्वतंत्र तार, स्वतंत्र फ्यूज. फ्रिजला प्रवाह कमी लागतो, पण डिकीपर्यंतची तार लांब. व्होल्टेज पडला की फ्रिज स्वतःच बंद होतो आणि लोक फ्रिजला दोष देतात. तिथे ४ स्क्वेअर टाका.

बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर दिसला तर या उपकरणांचं अर्थिंग सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बोल्टवर घ्या. नाहीतर चार्जिंगचा हिशोब चुकतो.

आपल्याकडची खाडीची दमट, खारट हवा लक्षात घ्या. टिन केलेली तांब्याची तार मिळाली तर तीच घ्या. साधी असेल तर प्रत्येक लगवर (तारेच्या टोकाला बसणाऱ्या धातूच्या कडीवर) आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) तार नेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवंच.

कळंबोलीकर
काम कोणाकडून, याचं उत्तर देतो. ५० स्क्वेअरचा लग पक्कडीने दाबून किंवा हातोडीने ठोकून बसत नाही, लग दाबून पक्का करणारं हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन लागतं. कारच्या ॲक्सेसरी दुकानात ते सहसा नसतं. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला किंवा तुर्भ्याला जड वाहनांचे इलेक्ट्रिशियन आहेत, तिथे चौकशी करा. तार आणि लग मुंबईच्या लोहार चाळीतून आणा, तिथे तांब्याच्या तारेत हवी ती जाडी मिळते. क्रिंप झालं की लग समोरच जोर लावून ओढून बघा. कारागीर चांगला असेल तर रागावत नाही.

घोडबंदरची_थार
म्हणजे पॅनलचा खर्च तारेकडे आणि लगकडे वळवतो. काम झाल्यावर नीट झालंय हे तपासायचं कसं?

नेरूळची_इलेक्ट्रिकल
मोकळ्या मैदानात, येऊरच्या जंगलात नव्हे. इंजिन चालू ठेवा, झाडाला रुंद पट्टा लावा, दोरावर जाडसर ब्लँकेट टाका आणि सगळ्यांना दोराच्या रेषेतून बाजूला करा. हँडब्रेक थोडा ओढून गाडीला विंचनेच हळू ओढू द्या. तेव्हाच मदतनीसाने बाजूला राहून मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर आणि मग विंचच्या टोकांवर व्होल्टेज मोजावं. अशा हलक्या ओढीत फरक अर्ध्या व्होल्टच्या आतच यायला हवा. मग विंच थांबवून कटऑफ बंद करा आणि प्रत्येक लगला हात लावा. एखादाच बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो कापून नवा बसवून घ्या.