मदत हवी आहे: प्रॉक्समॉक्सला फुकटची रेपॉझिटरी पुरेल का?

म्हापशातल्या एका पतसंस्थेत प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशिनं, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) ३ नोड म्हणजे सर्व्हर आहेत, प्रत्येकी २ सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा). सबस्क्रिप्शन नाही, म्हणून अपडेट मारला की एंटरप्राइझ रेपॉझिटरी (पैसे भरणाऱ्यांसाठीचा पॅकेजांचा साठा) '४०१ अनऑथराइज्ड', म्हणजे परवानगी नाही, म्हणते. ती बंद करून फुकटच्या नो-सबस्क्रिप्शन रेपॉझिटरीची ओळ घालता येते (सेफ, Ceph, या स्टोरेज प्रणालीची ओळ वेगळी, ती हमखास राहून जाते). परवाना एजीपीएल ३ हा मुक्त परवाना, तेव्हा कायद्याची अडचण नाही. घोर आहे तो कमी तपासलेल्या पॅकेजांचा. सबस्क्रिप्शनचे पैसे सॉकेटमागे, दरवर्षी, आणि क्लस्टरात (एकत्र जोडलेल्या नोडांत) सगळ्या नोडना सबस्क्रिप्शनचा एकच स्तर. म्हणजे ६ सॉकेट आलेच.

चवथीच्या सुट्टीत एकच नोड अपडेट करून आठवडाभर थांबलं तर चालेल का? नव्या नोडवरून जुन्यावर लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता हलवणं) फसू शकतं, मग तेवढे दिवस व्हीएम कुठे ठेवता?