मदत हवी आहे: भावाच्या हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन, कल्चर निगेटिव्ह, गोळ्यांवर घरी नेता येईल का?

उरमोडीकाठ (धागा सुरू केला, सोमवार, रात्री ११.५०)

नमस्कार. हॉस्पिटलच्या पॅसेजमधून मोबाईलवर टाईप करतेय, चुका असतील तर समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, सातारा जिल्ह्यात आमचं गाव. लहानपणी त्याला सांधे सुजून ताप यायचा, तेव्हा मायट्रल झडपेला थोडी गळती आहे असं निघालं होतं आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं, ते कॉलेजला गेल्यावर त्याने बंद केलं आणि आम्हीही मागे लागलो नाही. दिवाळीपासून संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, सहा किलो वजन उतरलं. गावात दाखवलं, मग तालुक्याला दाखवलं, विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडचे दोन कोर्स झाले, मग तिसऱ्यांनी टीबीची शंका घेतली आणि आणखी एक अँटिबायोटिक दिलं. प्रत्येक कोर्सला चार दिवस ताप जायचा, आम्हाला वाटायचं सुटलो, की परत यायचा. अडीच महिन्यांनी एका एमडी डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावल्या लावल्या इको करायला सांगितला आणि मायट्रल झडपेवर १२ मिलिमीटरचं व्हेजिटेशन, म्हणजे जंतूंची गाठ, दिसलं. सीटीमध्ये प्लीहेचा एक तुकडा रक्त न पोचून मेलेला आहे, म्हणजे गाठीचा कण तिथपर्यंत गेला होता.

आज उपचाराचा १२ वा दिवस. सेफ्ट्रिअॅक्झोन आणि व्हँकोमायसिन चालू आहे, ताप सातव्या दिवसापासून नाही. पण ब्लड कल्चरचे (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) तिन्ही सेट निगेटिव्ह आलेत. डॉक्टर म्हणतात एकूण सहा आठवडे शिरेतूनच आणि सर्जनचं मत घ्यायचंय. किडनीचं क्रिएटिनिन ०.९ होतं ते १.६ झालंय त्याचं वेगळंच टेन्शन.

मी डेन्मार्कच्या पोएट नावाच्या स्टडीबद्दल वाचलं, ४०० पेशंट, निम्म्यांना पुढचा कोर्स गोळ्यांवर दिला आणि ते इंजेक्शनवाल्यांपेक्षा वाईट राहिले नाहीत. भाऊ रोज विचारतो घरी कधी जायचं, त्याची मुलगी दोन वर्षांची आहे. मग आमच्या बाबतीत हे का होऊ शकत नाही? आणि कल्चर निगेटिव्ह असेल तर औषध अंदाजानेच चाललंय का? ऑपरेशनची घाई करावी की थांबावं? कुणी यातून गेलं असेल, कुणी डॉक्टर असतील तर प्लीज लिहा.

---

स्टेथो_७० (मंगळवार, सकाळी ६.१५)

ताई, मी फिजिशियन आहे, पण तुमच्या पेशंटला मी पाहिलेलं नाही हे धरून वाचा. निर्णय तिथल्या टीमचाच.

आधी निदानाचं, कारण कल्चर निगेटिव्ह म्हटलं की घरच्यांना वाटतं रोगच नक्की नाही. ड्यूक निकष म्हणून आहेत, १९९४ ला आले, २००० मध्ये सुधारले, २०२३ मध्ये पुन्हा नवे केले, त्यात पेट स्कॅन आणि जनुकांवरून जंतू ओळखायच्या तपासण्याही आल्या. त्यात मोठे आणि छोटे निकष असतात. तुमच्या भावाचं इकोतलं व्हेजिटेशन हा एक मोठा, आणि ताप, आधीची खराब झडप, प्लीहेला गेलेला कण हे तीन छोटे. एक मोठा आणि तीन छोटे म्हणजे निदान पक्कं. रोग आहे, जंतूचं नाव माहीत नाही एवढंच.

टायफॉइड समजून दोन महिने गेले याचं वाईट वाटून घेऊ नका. ऑस्लरनी १८८५ ला लंडनमध्ये या रोगावर व्याख्यानं दिली तेव्हाच सांगितलं होतं की हा टायफॉइडसारखा नाहीतर मलेरियासारखा दिसून फसवतो. आणि एकट्या विडालवर तर टायफॉइड म्हणूच नये.

आता पोएट. तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, २०१८ मध्ये छापून आलं. मृत्यू, अचानक करावं लागलेलं ऑपरेशन, कण सुटणं, जंतू परत येणं यातलं काही ना काही इंजेक्शनवाल्यांत १२.१ टक्के जणांना झालं आणि गोळ्यांवाल्यांत ९ टक्क्यांना. पण अटी बघा. किमान दहा दिवस शिरेतून औषध झालेलं हवं, ऑपरेशन झालं असेल तर त्यानंतर किमान सात दिवस, घशातून केलेल्या इकोत पू साठलेला नको, ऑपरेशनची गरज उरलेली नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जंतू माहीत हवा, तोही चार ठराविक गटांतला. त्या जंतूला लागू पडणाऱ्या दोन वेगवेगळ्या जातीच्या गोळ्या एकत्र द्यायच्या, रक्तातली पातळी मोजायची, आठवड्यातून दोन-तीनदा ओपीडीत बघायचं. तुमच्याकडे नाव नाही आणि ऑपरेशनचा निर्णय लटकलेला आहे. आज तरी पोएट तुम्हाला लागू नाही. तो स्टडी चांगलाच आहे, पण १२ मिलिमीटरचं व्हेजिटेशन घेऊन गोळ्यांवर घरी जाणाऱ्यांसाठी तो नव्हता.

घशातून इको केलाय का? छातीवरून केलेल्या इकोत बरंच सुटतं.

---

प्लेट_वाचणारा (मंगळवार, दुपारी १.३०)

मी मायक्रोबायोलॉजीत आहे, आयुष्य कल्चरच्या बाटल्यांसोबत गेलंय म्हणून थोडं मनापासून लिहितो.

कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे आधी दिलेलं अँटिबायोटिक. तुमच्याकडे तीन कोर्स झालेत. स्ट्रेप्टोकॉकस, तोंडातला साधा जंतू, चार दिवसांच्या गोळीने रक्तातून गायब होतो पण झडपेवरच्या गाठीच्या आत सुखरूप बसतो, म्हणून ताप जातो आणि परत येतो. पहिल्या आठवड्यात कुणी वेगवेगळ्या जागी टोचून तीन सेट घेतले असते, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली रक्त, आणि मग औषध चालू केलं असतं तर आज बहुतेक तुम्ही हा धागा काढला नसता. झडपेची गळती असलेल्या माणसाला ताप आला की अँटिबायोटिकच्या आधी कल्चर, हे मी भेटेल त्याला सांगतो.

दुसरं कारण, काही जंतू बाटलीत वाढतच नाहीत. ताई, घरी शेळ्या-मेंढ्या, गाई आहेत का? शेळी व्यायली तेव्हा भावाने हात लावलेला का? क्यू फीवरचा जंतू तिथून येतो. मांजर असेल, उवा-पिसवा असतील तर बार्टोनेला नावाचा जंतू. दोन्ही रक्तातल्या अँटिबॉडीवरून कळतात, नमुना मोठ्या लॅबला पाठवता येतो. क्यू फीवर निघाला तर औषधच वेगळं, डॉक्सिसायक्लिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, किमान दीड वर्ष.

आणि एक अगदी कामाचं. ऑपरेशन झालंच तर काढलेली झडप सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनमध्ये जाऊ देऊ नका. फॉर्मॅलिनमध्ये पडली की कल्चर संपलं आणि जनुकांची तपासणीही बिघडते. एक तुकडा निर्जंतुक डबीत साध्या सलाईनमध्ये कल्चर आणि १६एस पीसीआरला (जनुकांवरून जंतूचं नाव काढणारी तपासणी), दुसरा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोलून ठेवा, त्या दिवशी थिएटरमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही.

---

उरमोडीकाठ (मंगळवार, रात्री १०.२०)

तुमचे दोघांचे खूप खूप आभार, प्रिंट काढून राऊंडला नेते.

प्लेट दादा, शेळ्या आहेत! सहा. दोन कार्तिकात व्यायल्या आणि भावानेच बाळंतपण केलं. हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच क्यू फीवर आणि बार्टोनेला दोन्हींचं रक्त पाठवलं. घशातून इको उद्या आहे.

---

स्टेथो_७० (मंगळवार, रात्री ११.००)

पाठवलं ते योग्यच. पण मनाची तयारी राहावी म्हणून सांगतो, क्यू फीवरमध्ये व्हेजिटेशन सहसा अगदी बारीक असतं किंवा दिसतच नाही. १२ मिलिमीटरचं बघता मला अजून अर्धवट मारलेला स्ट्रेप्टोकॉकसच वाटतो.

---

परत_उभा (बुधवार, सकाळी ९.४५)

ताई, मी स्वतः पेशंट, महाधमनीची झडप, आता चार वर्षं झाली. मला थांबवून ठेवलं होतं कारण "इन्फेक्शन पूर्ण जाऊ दे मग कापू" असं घरच्यांचंही म्हणणं होतं. त्या थांबण्यात कण मेंदूला गेला. डावा हात अजून शर्टाचं बटण नीट लावत नाही. तुमच्या भावाच्या प्लीहेला आधीच एक कण गेलाय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. सर्जनला सरळ विचारा, "पुढचा कण कुठे जाईल याची खात्री देता का?"

बाकी, मला सर्वात जास्त त्रास सलाईनच्या शिरा फुगण्याचा झाला, दंडातून आत जाणारी लांब लाईन लवकर टाकून घ्या. आणि पैशाचं असेल तर फुले योजनेत झडपेची ऑपरेशनं आहेत, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आजच भेटा.

---

स्टेथो_७० (बुधवार, दुपारी २.१०)

परत_उभा यांच्या म्हणण्याला आधार आहे. कोरियात ७६ पेशंटवर एक स्टडी झाला, २०१२ मध्ये आला. झडप खूप गळती, व्हेजिटेशन १० मिलिमीटरच्या वर, अशांना निम्म्यांचं ४८ तासांत ऑपरेशन केलं आणि बाकीच्यांना नेहमीसारखं वाट बघून. दवाखान्यातला मृत्यू किंवा सहा आठवड्यांत कण सुटणं हे लवकर ऑपरेशन झालेल्यांत ३ टक्के, दुसऱ्यांत २३ टक्के. स्टडी छोटा आहे, पेशंट तरुण आणि निवडक होते, म्हणून सगळ्यांना लावता येत नाही. तुमचा भाऊ मात्र त्यांच्यासारखाच आहे. इकोमध्ये गळती किती निघते त्यावर बरंच ठरेल.

---

उरमोडीकाठ (रविवार, संध्याकाळी ७.३०)

अपडेट. इकोत गळती सिव्हिअर निघाली आणि व्हेजिटेशन ११ मिमी, लोंबतंय, झडपेच्या पाठीमागच्या पडद्याला छिद्र. कार्डिओलॉजिस्ट, सर्जन, मायक्रोबायोलॉजीच्या मॅडम तिघे एकत्र बसले, मलाही बोलावलं. थांबायचं नाही असं ठरलं. उद्या सकाळी पहिली केस, उपचाराचा १९ वा दिवस. दुरुस्ती जमली नाही तर मेटलची झडप. झडपेच्या तुकड्यांचं मी आजच सर्जनना बोलले, ते म्हणाले बरं केलंत, आणि सिस्टरनी माझ्यासमोर सलाईनची डबी लेबल लावून ठेवली. क्यू फीवर आणि बार्टोनेला दोन्ही निगेटिव्ह.

आईला छिद्राबद्दल सांगितलेलं नाही. तुमच्यापाशी सांगतेय.

---

उरमोडीकाठ (बारा दिवसांनी, शुक्रवार)

उशीर झाला, माफ करा. ऑपरेशन झालं, मेटलची झडप बसली. पहिले तीन दिवस फार वाईट गेले, आता चालतो. काढलेल्या झडपेचं कल्चर निगेटिव्ह, पण पीसीआरमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सापडला, व्हिरिडन्स गटातला, म्हणजे तोंडातलाच. स्टेथो सर, तुमचा अंदाज खरा ठरला. मॅडमनी समजावलं की पीसीआर मेलेल्या जंतूचंही नाव देतो आणि कुठलं औषध लागू पडेल ते सांगत नाही, पण ताप सेफ्ट्रिअॅक्झोनवर गेलाय आणि झडपेत जिवंत काही वाढलं नाही, म्हणून दिवस ऑपरेशनपासून नव्याने मोजायचे नाहीत, पहिल्या दिवसापासूनच. एकूण ४२. व्हँकोमायसिन बंद केलं, क्रिएटिनिन १.१ वर आलंय.

गोळ्यांचं मी परत विचारलं. त्या म्हणाल्या की इथे गोळीची रक्तातली पातळी मोजायची सोय नाही, आणि सेफ्ट्रिअॅक्झोन दिवसातून एकदाच द्यायचं असतं, मग गोळ्यांच्या मागे कशाला लागायचं, दंडात लाईन आहे, गावाजवळच्या दवाखान्यात रोज २ ग्रॅम घ्या आणि आठवड्यातून दोनदा इथे दाखवा.

दातांचंही बघितलं, खालची दाढ आतून सडलेली होती, बहुतेक तिथूनच. ती काढायच्या आधी तासभर अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम द्यायचं असं कार्डावर लिहून दिलंय, पुढे दाताचं काहीही असलं की हेच, आणि पेनिसिलिनचं इंजेक्शनही परत चालू होणार. तारखा मी माझ्या कॅलेंडरवर टाकल्यात, त्याच्यावर सोडणार नाही.

---

प्लेट_वाचणारा (शुक्रवार, रात्री ९.००)

नाव सापडलं, फार बरं वाटलं ताई. लाईनचं ड्रेसिंग दर आठवड्याला बदला, अंघोळीला प्लास्टिक गुंडाळा. आणि महिना-दोन महिन्यांत कधीही परत ताप आला तर एकही गोळी न देता आधी कल्चर. दवाखान्यातल्या डॉक्टरांना आजच हे लिहून द्या.

---

उरमोडीकाठ (शनिवार, सकाळी ८.१०)

लिहून दिलं, त्यांनी फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनने उतरवून घेतलं. आज ३१ वा डोस, गावात पहिला. मुलगी दारात उभी होती, आधी ओळखलंच नाही तिने त्याला.